मेमरीचा मागणी अर्ज

"मेमरी किती टाकू?" दुकानदाराने विचारलं आणि अप्पा गप्प झाले.

खरं तर नव्या कॉम्प्युटरसाठी ते जय्यत तयारीनिशी आले होते. घरातला जुना कॉम्प्युटर आठवड्यापूर्वी घरघर करत कायमचा बंद पडला, त्या दिवसापासून अप्पांनी दुसरं काही केलंच नव्हतं. टेबलाची लांबी-रुंदी त्यांनी मोजून आणली होती. भिंतीतल्या प्लगपासून टेबलापर्यंतचं अंतर मोजलं होतं. कॉम्प्युटरचा पडदा केवढा हवा हे ठरवायला त्यांनी घरातल्या प्रत्येकाला खुर्चीत बसवून डोळ्यांपासून भिंतीपर्यंत टेप लावला होता. मेमरी नावाची आणखी एक गोष्ट असते आणि तीही मोजावी लागते, हे त्यांना कोणी सांगितलं नव्हतं.

"लागते किती?" त्यांनी विचारलं.

"ते तुमच्या वापरावर आहे, काका. आठ, सोळा, बत्तीस, चौसष्ट जीबी. म्हणाल ती टाकतो."

"म्हणायचा प्रश्न नाही. लागते किती?"

"अहो, जास्त घेतलेली बरी."

हे वाक्य ऐकून अप्पांच्या अंगावर काटा आला. पंपांच्या कारखान्यात ते एकतीस वर्षं भांडारप्रमुख होते, आणि ही सगळी एकतीस वर्षं त्यांनी याच एका वाक्याशी झगडण्यात घालवली होती. कोणत्याही खात्याने काहीही मागितलं की अप्पा आधी कारण विचारायचे, मग कारण वाचून एक तृतीयांश मागणी कापायचे आणि मगच सही करायचे. नव्वद वॉशर मागणाऱ्याला साठ मिळायचे. कारखान्यात त्यांना कात्रीसाहेब म्हणत. हे त्यांना माहीत होतं आणि मनातून आवडतही होतं.

निवृत्त होऊन आठ महिने झाले होते. या आठ महिन्यांत अप्पांना कळून चुकलं होतं की आपल्याला विचारल्यावाचून कोणाचंही काही अडत नाही. सकाळी मुलगा विमा कंपनीत जायचा, सून शाळेत विज्ञान शिकवायला जायची, नात शाळेत शिकायला जायची, पत्नी आठवड्यातून तीन दिवस आपल्या बहिणीकडे जायची आणि अप्पा गॅलरीत बसून समोरच्या इमारतीच्या खिडक्या मोजायचे. त्या चौऱ्याऐंशी होत्या. अशात मुलगा म्हणाला होता, "अप्पा, कॉम्प्युटरचं तुम्हीच बघा. खरेदी म्हणजे तुमचं खातं." त्या एका वाक्यावर अप्पा आठवडाभर ताठ चालत होते. या घरात कोणाला काय लागतं आणि किती लागतं, हे आपल्याइतकं कोणाला माहीत नाही, एवढी एकच गोष्ट आता त्यांच्याकडे उरली होती. ती त्यांना सिद्ध करून दाखवायची होती.

दुकानदार तसा सज्जन होता. दुकानात दुसरं गिऱ्हाईक नाही असं पाहून त्याने अप्पांना स्टूल दिलं आणि समजावून सांगितलं. फायली ठेवायचं कपाट निराळं असतं, मेमरी म्हणजे काम करायचं टेबल. एका वेळी जेवढं उघडून बसाल तेवढं मोठं टेबल लागतं. टेबल लहान पडलं की मशीन रखडतं. अप्पांना हे लगेच पटलं. कपाट आणि टेबल यांच्यातला फरक न कळणारी माणसं त्यांनी आयुष्यभर पाहिली होती.

"म्हणजे घरातल्यांचं एका वेळी काय काय उघडं असतं, ते कळलं की काम झालं," ते म्हणाले.

"अगदी बरोबर. पण काका, इतकं कोणी करत नाही हो."

"म्हणूनच सगळीकडे माल पडून राहतो," असं म्हणून अप्पा उठले आणि टेप खिशात घालून घरी आले.

संध्याकाळी जेवणाच्या टेबलावर प्रत्येकाच्या ताटाशेजारी एकेक छापील कागद होता. वर लिहिलं होतं, 'मागणी अर्ज : मेमरी (घरगुती)'. खाली रकाने होते. कामाचं स्वरूप. रोज किती तास. त्याच वेळी दुसरं काय उघडं असेल. अंदाजे मागणी. कारण. सही. आणि तळाशी जाड अक्षरांत, 'माहिती खोटी आढळल्यास संपूर्ण मागणी रद्द होईल.' अर्ज घडी घालून बिस्किटांच्या रिकाम्या डब्यात टाकायचा होता. डब्याच्या झाकणाला अप्पांनी दुपारीच चीर पाडून ठेवली होती. एकाने दुसऱ्याचा अर्ज बघायचा नाही, हे त्यांनी बजावून सांगितलं. कारखान्यात एका खात्याची मागणी दुसऱ्याला कळली की दुसऱ्याची भूक वाढायची, हा त्यांचा अनुभव होता.

"आणि तुमचा अर्ज, आजोबा?" अकरा वर्षांच्या नातीने विचारलं.

"मंजूर करणाऱ्याने मागायचं नसतं," अप्पा म्हणाले.

कोणी हसलं नाही, कोणी कुरकुर केली नाही. मुलाने पेन मागितलं, सुनेने चष्मा लावला, नात रंगीत पेन्सिली घेऊन दुसऱ्या खोलीत गेली. पत्नीने कागद दोनदा वाचला, घडी घालून कमरेला खोचला आणि भांडी आवरायला घेतली. घरातलं हे सहकार्य पाहून अप्पांचा ऊर भरून आला. खरं म्हणजे त्यांनी तिथेच सावध व्हायला हवं होतं.

दोन दिवसांनी, घरात कोणी नाही असं पाहून, त्यांनी डबा उघडला.

सगळ्यात वर नातीचा अर्ज होता, जांभळ्या पेन्सिलीने लिहिलेला. कामाचं स्वरूप : माझं चॅनल, थेट प्रक्षेपण. विषय : आमचं घर आणि त्यातली माणसं. वेळ : रोज सकाळी सात ते नऊ. त्याच वेळी दुसरं काय : तीन कॅमेरे. कारण : लोकांना बघायला आवडतं. मागणी बत्तीस.

अप्पा दचकले आणि त्यांनी पहिल्यांदा स्वतःकडे पाहिलं. अंगात बनियन होता. खांद्यापाशी त्याला भोक होतं. सात ते नऊ ते रोज याच वेशात, याच खुर्चीत, पाय वर घेऊन बसत असत. 'लोकांना बघायला आवडतं' म्हणजे लोकांनी बघून झालेलं आहे असा त्याचा अर्थ होत होता. त्यांनी उठून आधी सदरा घातला, गळ्यापर्यंत बटणं लावली आणि मगच पुढचा कागद उघडला.

तो मुलाचा होता. परदेशातल्या कंपन्यांच्या मुलाखती, व्हिडिओवर, आठवड्यातून चार. त्याच वेळी तिकडच्या भाषेचा वर्ग उघडा. कारण : स्थलांतराची तयारी. मागणी बत्तीस. अप्पांनी 'स्थलांतर' हा शब्द बोटाखाली धरून पुन्हा वाचला. विमा कंपनीत बारा वर्षं नोकरी करणारा, रविवारी बाराला उठणारा आपला मुलगा देश सोडून चालला आहे आणि आपल्याला त्याने सांगितलं ते मेमरीच्या अर्जात. 

सुनेचा अर्ज सुवाच्य होता, तिचं सगळंच सुवाच्य असायचं. नवीन घरं पाहणे. एका वेळी वीस घरांच्या चित्रफिती, नकाशे आणि कर्जाची माहिती. रोज तीन तास. कारण : सध्याची जागा अपुरी. मागणी बत्तीस. म्हणजे मुलगा परदेशात आणि सून दुसऱ्या घरात. दोघं एकाच ठिकाणी जाणार असते तर निदान समजण्यासारखं होतं. हे दोघं दोन दिशांना चालले होते, आणि काल संध्याकाळी याच दोघांनी एका ताटलीतून एकच संत्रं खाल्लं होतं.

शेवटचा कागद पत्नीचा. तिचं अक्षर अप्पांनी किराण्याच्या यादीखेरीज कुठे फारसं पाहिलं नव्हतं. तिने लिहिलं होतं, 'घरांच्या आतल्या खोल्यांची थ्रीडी चित्रं. स्वयंपाकघर, कपाटं, झोपायच्या खोल्या. एका वेळी चार घरं उघडी. रोज चार तास. कारण : काम आहे. मागणी चौसष्ट.' खाली सही. सहीच्या खाली तारीखही होती. तारीख घालायची आठवण बाकी कोणालाही राहिली नव्हती.

चौसष्ट या आकड्याने अप्पांचे डोळे पांढरे झाले. आकड्याचा धक्का ओसरला तेव्हा बाकीचा मजकूर ध्यानात आला. सून घरं बघते आहे आणि सासू त्या घरांत कपाटं कुठे बसवायची ते आखते आहे. मुलगा परदेशी. नात सगळं जगाला दाखवते आहे. चार वेगवेगळे अर्ज होते, पण भांडारातल्या माणसाला अर्ज एकमेकांशेजारी ठेवून वाचायची सवय असते. चारही कागद टेबलावर ओळीने मांडले तेव्हा त्यांना स्पष्ट दिसलं की हे घर मोडायला निघालं आहे आणि त्यात आपल्याला कुठे ठेवायचं याचा विचार कोणीही केलेला नाही.  त्यांना फार वाईट वाटलं.

अर्ज गुप्त होते, म्हणून सरळ विचारता येईना. पुढचे दोन दिवस अप्पांनी काढले ते सदरा आणि फुल पँट घालून. सकाळी सात ते नऊ ते खुर्चीत ताठ बसत, वर्तमानपत्र छातीसमोर धरून, आणि एखादं पान उलटताना दिव्याच्या शेडकडे हळूच पाहत. स्वयंपाकघरातून पाणी आणायला जाण्याआधी केस विंचरत. पत्नीने दोनदा विचारलं, कोणी येणार आहे का. अप्पा म्हणाले, "आलेच आहेत." तिने त्यांच्या कपाळाला हात लावून पाहिला. तो हात त्यांनी थोडा वेळ तसाच राहू दिला, कारण असा हात पुढे किती दिवस मिळेल याची त्यांना आता खात्री उरली नव्हती.

शेवटी शनिवारी संध्याकाळी त्यांना राहवलं नाही. सून चहा गाळत होती. अप्पा तिच्या शेजारी जाऊन उभे राहिले आणि अगदी आडून म्हणाले, "तिकडे थंडी फार असते म्हणतात. त्याला सर्दीचा त्रास आहे."

"कोणाला? कुठे?"

"त्याला. परदेशात."

सुनेच्या हातातली गाळणी तशीच राहिली. अप्पांना वाटलं, हिला आधीपासून माहीत असणारच, म्हणून ते धीर द्यायला आणखी दोन वाक्यं बोलले. मुलाखती आठवड्यातून चार असतात, भाषा त्याला येईल, लहानपणी त्याची घोकंपट्टी चांगली होती. सून गाळणी ओट्यावर ठेवून बाहेरच्या खोलीत गेली. तिथे तिचा नवरा सोफ्यावर आडवा पडला होता.

"तू मला न सांगता परदेशी नोकरी शोधतोयस?"

मुलगा उठून बसला. त्याच्या चेहऱ्यावर गोंधळ होता, आणि त्या गोंधळातच त्याने मागे उभ्या असलेल्या अप्पांकडे पाहिलं. "अप्पा, अर्ज गुप्त होते ना?"

"म्हणजे खरं आहे," सून म्हणाली.

"नाही. म्हणजे, ते निराळं आहे. ते फक्त कागदावर आहे."

"सही आहे त्याखाली," अप्पा म्हणाले. मुलाला वाचवायची त्यांची इच्छा होती, पण एकतीस वर्षांची सवय आडवी आली. आणि मग एकाचंच कसं उघडं पाडायचं, हा न्यायाचा विचार मनात येऊन ते पुढे म्हणाले, "आणि हिचं तरी काय? हीसुद्धा घर बघतेय. रोज तीन तास."

आता चाट पडायची पाळी मुलाची होती. "घर? कोणासाठी? मला सोडून?"

"तू मला सोडून चाललायस त्याचं आधी बोल."

गंमत अशी होती की आपण स्वतः काय लिहिलं आणि का लिहिलं हे दोघांनाही ठाऊक होतं. पण दुसऱ्यानेही तसंच केलं असेल, हे दोघांच्याही डोक्यात येईना. दुसऱ्याचा कागद खरा वाटतो तो असा. दोघांनी मागची उणीदुणी काढायला सुरुवात केली. मुलगा म्हणाला, तू हल्ली फोन घेऊन गच्चीवर जातेस. सून म्हणाली, तू गेल्या महिन्यात पासपोर्टचा फोटो काढलास. तो फोटो ग्रंथालयाच्या कार्डासाठी होता, हे तो सांगत होता, पण त्या क्षणी ते त्याचं त्यालाच खरं वाटेना. आवाज चढत गेले. अप्पा मधोमध उभे होते आणि आपण काय करून ठेवलं हे आता त्यांना कळत होतं.

"अरे, हळू बोला," ते कासावीस होऊन म्हणाले, "बाहेर सगळं दिसतंय."

"कुठे बाहेर?"

अप्पांनी दिव्याच्या शेडकडे बोट दाखवलं. मुलगा आणि सून दोघंही भांडायचं थांबून वर पाहू लागले. मग अप्पांनी पुस्तकांच्या कपाटाकडे आणि घड्याळाकडे बोट दाखवलं, कारण कॅमेरे तीन होते. नातीच्या चॅनलबद्दल त्यांनी सांगितलं तेव्हा सुनेने आ वासला आणि दोन्ही हात गालांवर ठेवले. ती त्या सकाळी त्याच खोलीत पंधरा मिनिटं मुख्याध्यापिकेची नक्कल करत होती.

नातीला हाक मारायची गरज पडली नाही. ती दारात उभी होती, आणि तिचा चेहरा रडायला आला होता.

"कॅमेरे नाहीत," ती म्हणाली. "चॅनल पण नाही. मला फक्त शाळेचं करायचं असतं आणि कधीतरी खेळ. मी वाढवून लिहिलं."

"का?" अप्पांनी विचारलं.

"बाबा म्हणाला, आजोबा कापतात. बत्तीस लिही, मग वीसेक तरी मिळेल."

 सगळे मुलाकडे पाहू लागले. मुलाने मान खाली घातली. परदेश, मुलाखती, भाषा, सगळं खोटं होतं. त्याला फक्त सिनेमे बघायचे होते आणि कार्यालयातलं थोडं काम घरी आणायचं होतं. सुनेनेही चष्मा काढून पुसायला घेतला आणि सांगून टाकलं की तिला प्रश्नपत्रिका करायच्या होत्या. घरांची कल्पना तिला मोठ्या आकड्यासाठी सुचली होती, कारण चित्रफितींना मेमरी फार लागते असं तिने कुठेतरी वाचलं होतं. नवरा-बायको एकमेकांकडे पाहून आधी ओशाळले आणि मग दोघांनाही हसू फुटलं. गच्चीवर जाऊन ती कोणाशी बोलायची हे विचारायचंही मुलगा विसरून गेला. त्याच्या शेजारी सोफ्यावर तिने स्वतःला धाडकन टाकून दिलं.

अप्पांना मात्र हसू येईना. त्यांना एक वेगळीच शंका आली होती. "हे तुम्ही आत्ताच केलंत की नेहमी करता?"

 शेवटी सुनेनेच सांगितलं. लग्न होऊन ती या घरात आली त्या पहिल्याच आठवड्यात तिला हे शिकवलं गेलं होतं. चार टॉवेल लागत असतील तर सहा मागायचे. दोन साबण हवे असतील तर तीन म्हणायचं. अप्पा तिसरा हिस्सा कापतात आणि जेवढं लागतं तेवढं बरोबर घरात येतं. इतकी वर्षं एकही टॉवेल कमी पडला नव्हता.

"कारखान्यात पण तसंच होतं, अप्पा," मुलगा हळूच म्हणाला. "तुमच्या निरोपाच्या जेवणाला जोडणी खात्याचे साहेब मला सांगत होते. साठ वॉशर हवे असले की ते नव्वद लिहायचे."

अप्पा खुर्चीत बसले. बसले म्हणजे खुर्ची मागे होती म्हणून बरं झालं. एकतीस वर्षं आपण कापत होतो, आणि ज्याला जेवढं हवं होतं तेवढंच तो घेऊन जात होता. म्हणजे आपण नेमकं काय केलं, असा प्रश्न त्यांना पडला. कोणाला किती लागतं हे मला विचारा, असं ते सगळ्यांना सांगत आले होते, आणि आयुष्यात एकदाही कोणाची खरी गरज त्यांच्यासमोर आली नव्हती. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. सदऱ्याचं गळ्याचं बटण त्यांनी काढलं.

इतका वेळ पत्नी आतल्या दारापाशी उभी होती. ती दुपारीच बहिणीकडून परतली होती. तिने चहाचा कप आणून त्यांच्या हातात दिला आणि शेजारच्या खुर्चीत बसली.

"सूनबाईला हे सगळं तूच शिकवलंस," अप्पा म्हणाले.

"हो. मीच."

"मग तू तरी सांग आता, तुझं खरं किती आहे. आठ? चार? तुला तर कॉम्प्युटर चालू पण करता येत नाही."

"चौसष्ट," पत्नी म्हणाली. "मी वाढवून लिहिलं नाही."

मुलाने आणि सुनेने माना वळवल्या. पत्नी सांगू लागली. दोन वर्षांपूर्वी बहिणीच्या घराशेजारच्या फर्निचरच्या कारखान्यात ती तिच्याबरोबर एक कपाट बघायला गेली होती. तिथे मालकाची मुलगी कॉम्प्युटरवर कपाटांची चित्रं काढत होती, आणि स्वयंपाकघराचं चित्र सपशेल चुकलं होतं. ओट्याखालचा दरवाजा उघडला असता तर उभं राहणाऱ्या बाईच्या गुडघ्यावर आपटला असता. तिने ते दाखवलं. मुलीने तिला बसवून घेतलं. मग ती पुन्हा गेली, मग शिकली, आणि आता दीड वर्ष आठवड्यातून तीन दिवस ती तिथे स्वयंपाकघरांची थ्रीडी चित्रं काढत होती. बहिणीकडे ती फक्त जेवायला जायची. आता उरलेल्या दिवशी हेच काम तिला घरी बसून करायचं होतं. तिच्या चित्रांवरून आतापर्यंत एकोणचाळीस स्वयंपाकघरं तयार झाली होती आणि त्यातल्या एकाही दरवाज्याने कोणाच्या गुडघ्याला इजा केली नव्हती.

 सुनेच्या डोळ्यांत चक्क कौतुक होतं. अप्पांना वाटलं की आपल्या शेजारी बसलेली ही बाई आपण आज पहिल्यांदा पाहत आहोत.

"मला का नाही सांगितलंस?" त्यांनी विचारलं.

"तुम्ही कारण विचारलं असतंत," ती म्हणाली. "आणि पहिले सहा महिने माझ्याकडे कारण नव्हतं. मला नुसतं आवडत होतं. ते तुमच्या रकान्यात काय लिहायचं?"

 अप्पांनी चहाचा घोट घेतला. तो निवला होता.

"मग आत्ता का लिहिलंस?"

"छत्तीस वर्षं वाढवून मागितलं. एकदा खरं मागून बघावं म्हटलं. कापलंत तर कापलंत."

अप्पांनी कप खाली ठेवला. आवाज शक्य तितका कोरडा ठेवून त्यांनी विचारलं, "पण चौसष्टच का? बत्तीस का नाही?"

पत्नीने सांगितलं की कारखान्यातलं तिचं मशीन बत्तीसचं आहे आणि तिसरं घर उघडलं की ते रखडतं. मालकाच्या मुलीच्या मशीनवर चौसष्ट आहे. तिथे तिने चार घरं उघडून पाहिली, एकदा नाही, आठवडाभर. पडद्याच्या कोपऱ्यात किती मेमरी लागली तो आकडा दिसतो, तो रोज वहीत उतरवला. नेहमी बावन्न-त्रेपन्नपर्यंत जातो. बत्तीसच्या पुढचा आणि त्रेपन्नला पुरणारा मधला आकडा दुकानात मिळत नाही, म्हणून चौसष्ट. हेही तिने आधी दुकानात फोन करून विचारलं होतं.

"मोजलंस?" अप्पांनी विचारलं.

"मोजलं."

तिने आतून वही आणून दिली. अप्पांनी पानं उलटली. तारीख, वेळ, किती घरं उघडी, आकडा. एका दिवशी आकडा लिहिला नव्हता, तिथे 'वीज गेली' असं होतं. अशी वही मागत ते एकतीस वर्षं खात्याखात्यांतून फिरले होते. ती कोणी त्यांना कधी दिली नव्हती, आणि ती त्यांच्या घरातच लिहिली जात होती. त्यांनी खिशातून पेन काढलं, बिस्किटाच्या डब्यातून पत्नीचा अर्ज शोधून काढला आणि चौसष्टसमोर 'पूर्ण मंजूर' असं लिहिलं. हे दोन शब्द त्यांनी आयुष्यात एकत्र कधी लिहिले नव्हते, त्यामुळे अक्षर जरा वेडंवाकडं आलं.

पत्नीने कागद वाचला. तो घडी घालून तिने कमरेला खोचला आणि डोळ्याला पदर लावला.

"आणि बाकीच्यांचं, अप्पा?" मुलाने विचारलं.

"तिच्या चौसष्टमध्ये तुमचे सिनेमे बसतील. वेळा सूनबाई ठरवेल, तिला कळतं," अप्पा म्हणाले. त्यांचं लक्ष आता तिकडे नव्हतं. ते वहीच्या शेवटच्या पानावर थांबले होते. तिथे पत्नीने आकड्यांच्या खाली बारीक अक्षरात लिहिलं होतं, 'आज काम अर्धा दिवस बंद. बिजागऱ्या सापडल्या नाहीत.'

"हे काय?"

"ते ना, नेहमीचंच आहे," पत्नी म्हणाली. "माल येतो आणि जागा असेल तिथे टाकतात. परवा स्क्रूंची पिशवी चहाच्या डब्यात निघाली. कपाटांच्या एकाच मापाच्या मुठी तीनदा मागवून झाल्या, कारण आधीच्या कुठे ठेवल्यात ते कोणाला माहीत नाही."

अप्पांनी वही मिटली. "तिथे भांडार कोण बघतं?"

"कोणी नाही."

"कोणी नाही म्हणजे?"

"म्हणजे माणूसच नाही. नोंदवही पण नाही."

त्या संध्याकाळी अप्पांनी बरंच काही पचवलं होतं. मुलाचं परदेश, सुनेचं घर, घराचं प्रक्षेपण, एकतीस वर्षांची फुकट गेलेली कापाकापी आणि बायकोचं दीड वर्षाचं गुपित. पण नोंदवहीशिवाय चालणारा कारखाना ऐकून त्यांचा चेहरा असा काही झाला की नातीने धावत जाऊन पाणी आणलं. त्यांनी ते घेतलं नाही. ते उभे राहिले, सदऱ्याचं बटण पुन्हा लावलं आणि मोजायचा टेप खिशात आहे की नाही ते चाचपून पाहिलं.

"सोमवारी तू किती वाजता निघतेस?" त्यांनी विचारलं.

"साडेनऊला. का हो?"

"आठला निघू," अप्पा म्हणाले. "बिजागऱ्या मोजायला वेळ लागतो."